सभागृह न सोडलेला माणूस

७ मार्च २०२२ ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधली जवळपास चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. आयुक्त तोच प्रशासक. अर्थसंकल्प तयार करायचा आयुक्त म्हणून, मंजूर करायचा प्रशासक म्हणून. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. एवढा पैसा आपल्या माणसांच्या मंजुरीशिवाय खर्च होत राहिला आणि शहर काही पेटून उठलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण याच शहराने एकदा याच प्रश्नावर रान उठवलं होतं. १८७१ ची गोष्ट. आर्थर क्रॉफर्ड हा पालिकेचा पहिला आयुक्त. माणूस धडाडीचा, पण हात सैल. मंडई बांधली, गटारं घातली, रस्ते केले आणि तिजोरीचा तळ दिसू लागला. त्याच्यावर देखरेख ठेवायची ती सरकारने नेमलेल्या जस्टिसेस ऑफ द पीस मंडळींनी, आणि त्यांनी ती ठेवली नाही. करदाते खवळले. आयुक्तपदच मोडून टाका, अशी मागणी सुरू झाली. फ्रामजी कावसजी सभागृहातल्या सभेत बॅरिस्टर होऊन आलेला सव्वीस वर्षांचा एक पारशी तरुण उभा राहिला आणि भलतंच बोलू लागला. कारभार हाकायला एकच जबाबदार आयुक्त हवा. दोष त्याच्या पदाचा नाही, त्याला जाब विचारणाऱ्या मंडळाचा आहे. ते मंडळ करदात्यांनी निवडून दिलेलं असू द्या, मग पाहा. सभेने त्याची हुर्यो उडवली. तो तरुण फिरोजशहा मेहता.

पुढच्याच वर्षी कायदा झाला. चौसष्ट सभासदांची महापालिका, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडून दिलेले. १८८८ चा मोठा कायदा आला तेव्हा विधेयकावरच्या चर्चेसाठी फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही कायदेमंडळात होते. कलमामागून कलम दोघांनी लढवलं. सभासद बहात्तर झाले, त्यातले छत्तीस थेट वॉर्डांतून. मुंबई महापालिका आजही त्याच १८८८ च्या कायद्यावर चालते. तुमच्या गल्लीतलं गटार तुंबलं तर तक्रार कुणाकडे न्यायची, हे ठरवणारी चौकट त्या दोघांच्या हातांखालून गेलेली आहे.

मतदार मात्र तेव्हा मूठभर होते. कर भरणारे, मालमत्ता असलेले. गिरणीत राबणारा आणि चाळीतल्या एका खोलीत दहा जणांत झोपणारा माणूस त्या यादीत नव्हता. फिरोजशहांची लोकशाही त्याच्यापर्यंत पोचली नाही, आणि ती तिथवर न्यायची निकड त्यांना वाटली असंही दिसत नाही. सभागृहात त्यांचा शब्द चाले आणि विरोधकांना ते चिरडत. सुरतेच्या काँग्रेसमध्ये टिळकपक्षाशी ते कसे वागले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. हे सगळं मान्य करून मी पुढचं लिहितो आहे.

हा माणूस चाळीसहून अधिक वर्षं महापालिकेत राहिला. १८९० मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले, सरकारने ‘सर’ केलं. तरी पालिका सुटली नाही. चार वेळा ते तिचे अध्यक्ष झाले. पहिल्यांदा १८८४ मध्ये आणि शेवटी १९११ मध्ये. आपल्याकडे नगरसेवकपद म्हणजे आमदारकीची पायरी. जो वर चढला तो मागे वळून पाहत नाही. फिरोजशहा वर जाऊन आले आणि पुन्हा पाण्याच्या, गटाराच्या, पोलिसखर्चाच्या चर्चेला बसले.

पोलिसखर्चाचंच बघा. शहराच्या पोलिसांवर हुकूम सरकारचा आणि त्यांच्या पगाराचा बोजा पालिकेवर. फिरोजशहा वर्षानुवर्षं यावर भांडले. १९०७ मध्ये कायदा होऊन पोलिसखर्च सरकारने उचलला, त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि दवाखान्यांचा भार पालिकेकडे आला. मुंबईत पालिकेच्या शाळांचा एवढा पसारा दिसतो, त्याला हा व्यवहारही कारण आहे. अशा भांडणाला टाळ्या मिळत नाहीत. मिळते ती शाळा.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. रस्ते रुंद करायचे, दाट वस्त्या पाडायच्या, नव्या वसवायच्या. काम गरजेचं होतं. पण पालिकेने निवडलेले सभासद त्यात अल्पमतात होते, आणि फिरोजशहांचा आक्षेप नेमका तिथे होता. तो ट्रस्ट पुढे १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला. आज मुंबईत एमएमआरडीए आहे, म्हाडा आहे, एमएसआरडीसी आहे. शहराचे मोठे निर्णय तिथे होतात. खोदलेल्या रस्त्यावरून लोक शिव्या घालतात नगरसेवकाला, आणि बऱ्याचदा तो रस्ता त्याच्या अखत्यारीतच नसतो.

फिरोजशहांना पाडायचा डावही झाला. १९०७ मध्ये जस्टिसेस मंडळींना पालिकेतल्या सोळा जागा भरायच्या होत्या. हॅरिसन नावाचे अकाउंटंट जनरल आणि त्यांच्या गोऱ्या सोबत्यांनी सोळा नावांची यादी केली आणि ठरवून त्यांनाच मतं टाकायला लावली. फिरोजशहा सतरावे आले, म्हणजे एका जागेने पडले. शहर संतापलं, निषेधाच्या सभा झाल्या. पुढे त्या सोळांतल्या एकाची निवड कायद्याच्या कसोटीवर टिकली नाही आणि फिरोजशहा सभागृहात परतले. एक नगरसेवक पडला म्हणून मुंबईत सभा भराव्यात! त्या नगरसेवकाचं काम लोकांना माहीत होतं, म्हणून भरल्या.

५ नोव्हेंबर १९१५ ला ते गेले. १९२३ मध्ये महापालिकेच्या दारात त्यांचा पुतळा बसला. बोरीबंदरला उतरून लाखो माणसं रोज तिथून जातात.

आता २२७ नगरसेवक पुन्हा आलेत. त्यातला एक तुमचा आहे. त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स तुम्हाला पाठ असतील. पण सभागृहात तुमच्या वॉर्डातला कोणता प्रस्ताव आला, त्यावर तो काय बोलला, बोलला की गप्प बसला, हे त्याला विचारा. प्रभाग समितीच्या बैठकीत काय झालं, याची माहिती मागा. अर्थसंकल्पात तुमच्या शाळेला, दवाखान्याला, पाण्याच्या लाइनला किती पैसे धरलेत, ते त्याच्याकडून लिहून घ्या. उत्तर देता आलं नाही, तर पुढच्या निवडणुकीत त्याला मत देऊ नका. आणि उत्तर देणारी एखादी बाई, एखादा माणूस सापडला, तर पक्ष कुठलाही असो, तिला किंवा त्याला पुन्हापुन्हा निवडून द्या.