पास ओव्हर

सकाळी मयूर विहारहून ब्लू लाइनने निघून 'सुप्रीम कोर्ट' स्टेशनवर उतरणारा एक प्राणी पाहून ठेवावा. पांढरा शर्ट, काळी पँट, कोट हातावर, गळ्याचा बँड खिशात, पाठीवर लॅपटॉप आणि पोटाशी फायलींची पिशवी. दारातून आधी फायली उतरतात, मागोमाग तो. हा दिल्लीतला मराठी ज्युनिअर वकील.

लातूर, सांगली, अकोला, कुठूनही तो आलेला असतो. काम विचारलं तर 'कमर्शियल लिटिगेशन' म्हणतो. गावाकडे त्याचं भाषांतर 'कंपन्यांची भांडणं' असं झालेलं आहे, आणि ते काही चुकीचं नाही.

लंडनमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर वर्षभर प्युपिलेज, म्हणजे उमेदवारी, करावी लागते. पहिले सहा महिने नुसतं बघायचं, पुढचे सहा महिने स्वतः उभं राहून बघायचं, आणि या बघण्याचे पैसेही मिळतात. बाबासाहेब आंबेडकर 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, त्या काळी इनमध्ये ठरावीक जेवणं जेवणं हासुद्धा शिक्षणाचा भाग होता. आपल्याकडे बार कौन्सिलने 1995 मध्ये सनदेआधी वर्षभर उमेदवारीचा नियम केला होता. सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये व्ही. सुधीर यांच्या खटल्यात कौन्सिलला तो अधिकारच नाही म्हणून नियम काढून टाकला. तेव्हापासून उमेदवारी सक्तीची नाही. ती फक्त अटळ आहे. शब्दही किती नेमका! त्यात उमेद आहे, पगार नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिलने शहरात ज्युनिअरला महिना किमान 20 हजार द्यावेत अशी शिफारस केली. तिची प्रत आपल्या ज्युनिअरने मोबाइलमध्ये जपून ठेवली आहे. चेंबरमध्ये ती उघडण्याचा योग अजून आलेला नाही.

सीनियर अ‍ॅडव्होकेटने वकालतनामा दाखल करायचा नाही आणि सोबत दुसरा वकील असल्याशिवाय उभं राहायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे सीनियरला ज्युनिअर नियमाने लागतो. ज्युनिअरला सीनियर लागतो तो पोटाने.

पोटाचा प्रश्न निघाला की तो दोन नावं घेतो. हरीश साळवे नागपुरात वाढले, आधी सीए झाले, मग सोली सोराबजींच्या चेंबरमध्ये गेले, सॉलिसिटर जनरल झाले आणि 2020 मध्ये थेट लंडनला क्वीन्स काउन्सेल. उदय लळित मुंबईहून दिल्लीत आले, तेही सोराबजींकडेच, आणि 2022 मध्ये सरन्यायाधीश झाले. सुरुवातीला ते मयूर विहारमध्ये दोन खोल्यांत राहायचे. आपल्या ज्युनिअरची बरसातीही मयूर विहारमध्येच आहे. भाडं परवडतं हे खरं कारण तो सांगत नाही, लळित राहिले होते हे सांगतो. जूनमध्ये त्या गच्चीवरच्या खोलीत भिंतीही घाम गाळतात. अशा वेळी परंपरेचा आधार लागतो.

गुरुग्राममध्ये मित्राबरोबर बरी जागा मिळत होती. नकाशा उघडून अंतर मोजलं आणि नको म्हणाला. कारण पुढेमागे सुप्रीम कोर्टात खटले दाखल करू शकणारा अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड (एओआर) व्हायचं, तर ऑफिस सुप्रीम कोर्टापासून 16 किलोमीटरच्या आत लागतं. त्याआधी चार वर्षं वकिली, मग जुन्याजाणत्या एओआरकडे वर्षभर प्रशिक्षण, मग चार पेपर. ऑफिस अजून नाही, पण अंतराची तयारी झालेली आहे.

त्याचं खरं विद्यापीठ म्हणजे दिल्ली हायकोर्टाच्या कॉरिडॉरमधला डिस्प्ले बोर्ड. सीनियरचे मॅटर एकाच वेळी तीन कोर्टांत. इथे आयटम 14 चालू, तिथे 22, तिसरीकडे जज अजून बसलेलेच नाहीत. आपला आयटम पुकारला आणि सीनियर नसले की तो थोड्या वेळाने घ्यावा म्हणून उठून म्हणायचं, "मिलॉर्ड, पास ओव्हर. सीनियर शेजारच्या कोर्टात ऑन हिज लेग्ज आहेत." पहिल्या आठवड्यात त्याला प्रश्न पडला होता, की पायांवर उभेच आहेत तर चालत का येत नाहीत? आता या एका वाक्यात त्याने प्रावीण्य मिळवलं आहे. कुठल्या जजसमोर ते हळू म्हणायचं, कुठे हात जोडून, आणि कुठे म्हणायचंच नाही, हे कुठल्याच लॉ कॉलेजात शिकवत नाहीत. ते चेंबरच्या कारकुनाने, मुन्शीजींनी, शिकवलं. मुन्शीजी त्याला 'वकील साब' म्हणतात, पण सूर 'बाळ, डबा घेतलास का?' असाच असतो.

रात्री चेंबरमध्ये ब्रीफिंग. दोनशे कोटींचा करार, आठ खंड कागद, आणि सीनियर म्हणतात, "दो पन्ने का नोट बना दो." दोन पानांत बसवायला आठ खंड वाचावे लागतात; शिक्षण म्हणतात ते बहुधा तेवढंच.

कमर्शियल कोर्ट्स कायद्याने त्याला मोजायचं वेड लावलं आहे. लेखी जबाब 30 दिवसांत. फार तर 120. त्यानंतर हक्कच गेला. 121व्या दिवशी जजच्या हातातही काही उरत नाही. म्हणून अशिलांचे दिवस तो बोटांवर मोजतो, आणि स्वतःचं विजेचं बिल दर महिन्याला दंडासकट भरतो. 2022 चा 'पाटील ऑटोमेशन' निकाल त्याला विशेष प्रिय. नावामुळे तो त्याला घरचाच वाटतो. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी, मगच दावा, नाहीतर दावा फेटाळला जाईल, असं त्यात कोर्टाने सांगितलं. त्यानंतर जो अशील येतो त्याच्या कहाणीत तातडी कुठे लपली आहे, हे शोधण्याचं काम ज्युनिअरकडे आलं. तीन वर्षं स्वस्थ बसलेल्या माणसाची तातडी शोधायला प्रतिभा लागते.

आर्बिट्रेशन असलं तर दिवस चांगला. तिथे एसी असतो, निवृत्त न्यायमूर्ती असतात आणि बशीत काजू असतात. साक्षीदाराची उलटतपासणी सुरू झाली की सगळ्यांचं लक्ष साक्षीदाराकडे जातं. बशीच्या दृष्टीने तोच योग्य मुहूर्त.

एका मंगळवारी मात्र पास ओव्हर मागितला आणि जज म्हणाले, "आधीच एकदा दिलाय. तुम्हीच सांगा." कॉरिडॉर रिकामा, मुन्शीजींचा फोन लागेना. तो बोलू लागला. पहिली दोन वाक्यं कोणाच्याच कानांपर्यंत गेली नाहीत. मग कराराचं 17वं कलम आठवलं, कारण ते त्याने नोटमध्ये तीनदा लिहून दोनदा खोडलं होतं. चार मिनिटं बोलला. नोटीस निघाली, पुढची तारीख मिळाली. तेवढ्यात सीनियर गाऊन सावरत आले, "क्या हुआ?" म्हणाले, उत्तर ऐकलं आणि पुढच्या कोर्टाकडे निघाले. जाताना फाइल त्याच्या हातात दिली. तीही त्यानेच उचलायची होती.

संध्याकाळी ऑर्डर वेबसाइटवर आली. पीडीएफची लिंक त्याने घरी पाठवली. रात्री आईचा फोन आला. तिने मोबाइलवर बोटांनी मोठं करकरून वाचलं होतं.

"अरे, चौथ्या नंबरावर नाव आहे तुझं," ती म्हणाली. "पण आडनावात एक काना जास्त घातलाय बघ. तो काढायला कुणाला सांगायचं?"

"अर्ज करावा लागेल," तो म्हणाला, आणि सवयीने दिवस मोजू लागला.