खजरान्याचा बारगीर

इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात मल्हाररावांबरोबर घोड्यावरून माळव्यात आलेला एक पूर्वज असतो. पायी आलेला एकही नाही. बैलगाडीत भांड्याकुंड्यांच्या मध्ये बसून कुणी आलंच असेल, तर त्याचा वंश खुंटला असावा. आमच्या पूर्वजाचं नाव आज कुणाला आठवत नाही, पण घोडा पांढरा होता यावर घरात एकमत आहे.

या पांढऱ्या घोड्यानंच माझा घात केला. दिवाळीत पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो हल्ली घोडेस्वारी शिकतो आणि क्लबच्या रिंगणात गोल गोल फिरून कंटाळलाय. "मामा, नाताळात येतोय. इंदूरच्या आसपास घोड्यावरून दिवसभर भटकायला चांगली वाट कुठली?" मला स्कूटरवरून भटकायची वाटसुद्धा ठाऊक नाही, हे खरं उत्तर होतं. मी म्हणालो, "अरे, होळकरांची राजधानी ही! वाटाच वाटा. मी स्वतः घोड्यावरून पाहून ठेवतो."

"कशावरून?" स्वयंपाकघरातून आवाज आला. हिला नेमकं तेवढंच ऐकू येतं.

माझा घोडेस्वारीचा एकूण अनुभव एक तासाचा. लग्नानंतर माथेरानला गेलो होतो. तिथे मोटारींना बंदी, पायाखाली तांबडी माती, डोक्यावर झाडी आणि लगाम घोडेवाल्याच्या हातात. थोडक्यात, घोडेस्वारीला याहून चांगली जागा नाही. त्या दिवशीचा एक फोटो आहे. त्यात घोडा कॅमेऱ्याकडे बघतोय आणि मी जमिनीकडे.

तरी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी मोहिमेची यादी केली. महूहून मंडलेश्वरकडे जाताना विंध्याच्या अगदी कडेवर उभा असलेला अहिल्याबाईंचा जाम दरवाजा. पलीकडे जमीन एकदम खाली जाते आणि निमाड पसरलेला दिसतो. जानापावचा डोंगर, जिथून चंबळ निघते. पाताळपाणी. चोरलचं धरण. सगळ्या जागा माझ्या पाहिलेल्या, पण गाडीच्या खिडकीतून, मांडीवर सेव-परमलचा पुडा ठेवून. गाडीतून जाणाऱ्याला रस्त्याचे खड्डे तेवढे कळतात. ओढा कुठे लागतो, कडेला माती आहे की खडी, हे कळत नाही. म्हणून तालीम जवळच करायची ठरवली. रालामंडलच्या डोंगरावर होळकरांची शिकारकोठी आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय जनावर नेता येत नाही, तेव्हा पायथ्यापर्यंत जायचं आणि परतायचं. घोडा साध्या चालीनं तासाला सहा किलोमीटर सहज जातो, असं वाचलं होतं. नाश्त्याच्या पोह्यांना घरी.

तालमीच्या आदल्या बुधवारी गणपतीला गेलो. आमचं खजराना गणेश मंदिरही अहिल्याबाईंनीच बांधलेलं. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून इच्छा बोलायची आणि ती पुरी झाली की येऊन सुलटं काढायचं, अशी इथली रीत. माझ्या एका बाजूला कुणी नोकरी मागत होतं, दुसऱ्या बाजूला कुणी मूल. मधे उभं राहून मी घोड्यासाठी वाट मागितली.

घोड्याचा प्रश्न मात्र गल्लीतच सुटला. मागच्या आळीत एक घोडीवाला राहतो. "भिया, सुबह खाली है. शाम छह बजे बारात है, उसके पहले ले आना." घोडी पांढरी होती. मला गहिवरून आलं. नाव रानी, खरेदी सारंगखेड्याच्या यात्रेतली. मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथली. सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात. मल्हाररावांचं बालपण गेलं ते मामाच्या गावी, तळोद्याला. तेही आज नंदुरबार जिल्ह्यातच. म्हणजे या मोहिमेत मल्हाररावांचं गाववालं कुणी असेल तर ती घोडी.

मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोन तासांच्या भाड्यानं बसणाऱ्याला काय म्हणायचं, हे इतिहासकारांनी लिहिलेलं नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला स्वार झालो. घोड्यावर डावीकडूनच चढायचं, कारण तलवार डाव्या कमरेला असते, म्हणे. माझ्या डाव्या खिशात मोबाईल होता, तो पहिल्याच प्रयत्नात खाली पडला. दुसऱ्यांदा मी पडलो. तिसऱ्यांदा घोडीवाल्याच्या पोरानं खालून उचलून ठेवलं, सिलिंडर ठेवतात तसं. खोगीर लग्नाचंच, जरीचं. "अंकल, टाइट पकड़ना," म्हणाला आणि पुढे चालू लागला.

पहिली दोनशे पावलं मी अटकेच्या वाटेवर होतो. मग वळणावर महापालिकेची कचरागाडी आली. इंदूरची कचरागाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते. आपलं शहर स्वच्छतेत पहिलं आलं, हे ती 2017पासून आम्हाला दारोदार सांगतेय. गाणं कानावर पडताच रानीनं मान उचलली, पुढचा एक पाय हवेत धरला, मग दुसरा, आणि नाचू लागली. नाचत नाचत ती गाडीच्या मागे लागली. गाडी प्रत्येक दारी थांबे, आम्हीही थांबू. बायका ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेऊन बाहेर येत आणि आधी गाडीकडे, मग माझ्याकडे बघत. एका आजींनी विचारलं, "बेटा, दुल्हन किधर है?" चौथ्या दारी रानीनं रस्त्यातच लीद टाकली. गाडीवरचा माणूस शांतपणे खाली उतरला. "साहब, ये गीला है." फावडं त्यानं माझ्या हातात दिलं. आता उतरणं आलं. उतरणं चढण्याहून अवघड असतं, हे कुणी आधी सांगत नाही.

कनाडिया रस्त्याला लागलो तेव्हा वाटलं, सुटलो. पण तिथून बायपासपर्यंत मॅरेज गार्डनच मॅरेज गार्डन. रात्रीची लग्नं उरकलेली, मंडपवाले बांबू सोडत होते. पहिल्या कमानीशी रानी आपसूक वळली आणि खांबासारखी उभी राहिली. टाच मारली, चुचकारलं, मराठीत विनवलं. ढिम्म नाही.

"द्वारचार हुए बिना नी हटेगी," पोरगा म्हणाला.

शेवटी रखवालदारानं मोबाईलचा दिवा लावून आम्हा दोघांना ओवाळलं, तेव्हा ती हलली. अशी सहा गार्डनं झाली. तिसऱ्यात कॅटरिंगवाल्यांनी मला उरलेली जिलबी दिली आणि हात धुवायच्या पिंपातून रानी पोटभर पाणी प्यायली. मुलीकडच्यांनी केली नसती एवढी सरबराई.

बायपास दिसला तेव्हा नऊ वाजून गेले होते. ट्रकांची रांग संपेना. पोरगा एका झाडाखाली बसला आणि त्यानं माझी मोहीम दोन मिनिटांत निकालात काढली. डांबरावर नाल घसरते, सिमेंटवर त्याहून जास्त. तिथे दौडवलं तर जनावराचा पाय जातो. कडेला मातीची पट्टी हवी. पण माती आपली काळी. पावसात खुराला गोळे चिकटतात, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय मुरगळतो. हिवाळ्यात बरी असते, पण तेव्हा दोन्ही बाजूंना हरभरा. "और चने के खेत में ये सीधी जाएगी क्या?" दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी तर लागणारच. वाटेत विहीर नाही की ओढा नाही, मग रस्ता कितीही सुंदर असो, तो गाडीवाल्यांचा. वाट स्वारानं निवडायची नसते, अंकल.

ते पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं असेल. मी तीस वर्षं नोकरीत वरिष्ठांची भाषणं ऐकली, एवढं कामाचं कुणी बोललं नाही.

परत फिरलो. म्हणजे मी पायी, लगाम पोराच्या हातात आणि रानी मोकळी. परतीच्या वाटेवर ती एकाही कमानीशी थांबली नाही. पाठीवर नवरदेव नसेल तर थांबत नाही, असं कळलं. घरी पोहोचलो तेव्हा ही दारात उभी होती. "पूर्वज आले," एवढंच म्हणाली आणि हळद गरम करायला आत गेली.

चार दिवस पालथा झोपून होतो. तेवढ्यात पुण्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला. पांढऱ्या घोड्याचा विषय काढला तर म्हणाली, "कसला घोडा? आजोबा सांगायचे, आपला मूळ पुरुष पागेत दाणावैरणीचा हिशेब लिहायचा."

भाचा 25 डिसेंबरला येतोय. इंदूरपासून दिवसभरात जाऊन परतता येईल अशी वाट कुणाच्या पाहण्यात असेल तर कृपया कळवावं. पायाखाली माती असावी, दर दोन तासांनी पाणी लागावं आणि वाटेत मॅरेज गार्डन एकही नसावं. भिंतीवरचं स्वस्तिक अजून उलटंच आहे.