अण्णांची रुजवण

गच्चीवर बाग असलेल्या प्रत्येक सोसायटीत एक रुजवणवाले काका असतात. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ते पद अण्णांकडे आहे. अण्णा बँकेत ऑडिटला होते. स्वतः तिखट खात नाहीत; पोह्यांतली मिरची वेचून ताटाच्या कडेला लावतात. त्यांना गोडी मिरचीची नाही, तिचं बी रुजवायच्या पद्धतींची.

सध्याची पद्धत अशी : ओल्या टिश्यूपेपरात बी गुंडाळायचं, डबीत घालायचं आणि डबी राउटरवर ठेवायची. मिरचीच्या बीला २५ ते ३० अंशांची ऊब लागते आणि पुण्यातली डिसेंबरची रात्र काही ती देत नाही. इथवर विचार चोख आहे. पण त्यामुळे नेट कितीही अडकलं तरी राउटर बंद करायला घरात कोणाला परवानगी नाही. सुनेची मीटिंग गोठली तरी चालेल, बी गोठता कामा नये.

याआधी रात्रभर कोमट पाणी होतं, त्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइड, त्याआधी पोटॅशियम नायट्रेट. त्या पांढऱ्या पावडरची पुडी साखरेच्या डब्याशेजारी सापडली आणि ती पद्धत काकूंनी एका वाक्यात कायमची बंद केली. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही आणि बी बऱ्याचदा त्यांच्या पोटातून धडधाकट बाहेर पडतं, हे कळल्यापासून अण्णा गच्चीवरच्या बुलबुलांकडे वेगळ्याच नजरेने पाहतात.

अडतं ते एकाच ठिकाणी. साध्या मिरचीचं बीसुद्धा आठ-दहा दिवस घेतं. भूत जोलोकिया तर तीन-चार आठवडे तोंड दाखवत नाही. अण्णा चौथ्या दिवशी उकरून बघतात आणि पाचव्या दिवशी पद्धत बदलतात. मग बी उगवलंच, तर श्रेय कोणत्या खात्यात टाकायचं? ऑडिटच्या माणसाला हा प्रश्न रात्र रात्र जागवतो.

मला विचाराल तर पद्धतीपेक्षा बी मोठं. झाडावरच पिकून लाल झालेल्या मिरचीचं, फार जुनं नसलेलं बी घ्यावं. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाणी टपकू नये इतपतच ओलं असावं. त्यात बी अर्धा-एक सेंटिमीटर खोल पेरावं, ट्रे उबेला ठेवावा आणि हात खिशात घालावेत. हिरव्या मिरचीतलं बी बहुधा कच्चंच असतं, त्याच्या नादी लागू नये. हे सगळं मी अण्णांना सांगितलं. ‘हीसुद्धा एक पद्धत आहे म्हणायची,’ असं म्हणत त्यांनी ते अनुक्रमांक घालून वहीत उतरवून घेतलं.

सोसायटीची खरी परीक्षा बी उगवल्यावर सुरू होते. ९८ कपांचा प्रो-ट्रे एकदम हिरवा होतो आणि एवढी रोपं ठेवायला अण्णांच्या बाल्कनीत जागा नसते. मग लिफ्टमध्ये जो सापडेल त्याच्या हातात कागदी कप पडतो, सोबत सूचना. पुढे जिन्यात, पार्किंगमध्ये, एकदा तर तेराव्याच्या जेवणातही विचारपूस : ‘आमचं रोप काय म्हणतंय?’ मान टाकली म्हणालात, तर पाणी जास्त झाल्याचा ठपका तुमच्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मेलेल्या जोलोकियाच्या जागी नर्सरीतलं रोप गुपचूप आणून लावलं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून पान निरखलं. ‘जोलोकियाचं पान रुंद, सुरकुतलेलं असतं. ही ज्वाला आहे. आमची कुठे गेली?’ ते गृहस्थ हल्ली जिन्यानेच जातात.

घरात लागणारी मिरची मात्र मंडईतूनच येते. परवा काकूंबरोबर अण्णाही गेले होते. ढिगातली एक मिरची उचलून त्यांनी भाजीवालीला विचारलं, ‘याचं बी किती अंशांवर रुजवलं होतं?’

तिने तागडी उचलली. ‘काका, पाव किलो करू की अर्धा?’