सतराव्या मजल्याची गोष्ट

"कळलं का काकू, कोपऱ्यावरच्या बंगल्यातला धाकटा पुनावळ्याला चालला राहायला. सतरावा मजला!"

"त्याची आई कालच भेटली भेळ चौकात. भाजीची पिशवी खाली ठेवून अर्धा तास तेच पुराण. प्राधिकरणात स्वतःचा बंगला, दारात आंबा, आणि पोराला लिफ्टचं वेड लागलंय म्हणे."

"हिंजवडीला ऑफिस आहे ना त्याचं. निगडीहून रोज जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला येतो हो."

"आणि पुनावळ्याहून काय हेलिकॉप्टरनं जाणार आहे? हायवेखालच्या त्या बोगद्यात एकदा अडकला की सकाळचा डबा तिथंच उघडायचा."

"हळू बोला काकू, त्यांची खिडकी उघडी आहे."

"असू दे. मी तोंडावरही सांगीन. मला फक्त त्या माउलीचं वाईट वाटतं. आम्ही आलो तेव्हा इथं काय होतं? १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर प्राधिकरण निघालं, कारखान्यातल्या माणसाला कामाजवळ घर मिळावं म्हणून. आमचे हे टेल्कोत फिटर, पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या, नळाला रांग. नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं प्लॉट मिळाला, तर सासूबाईंनी डोक्याला हात लावला. 'रानात कशाला मरायला जाता? दिवसाढवळ्या कोल्हे फिरतात तिथं!'"

"फिरायचे खरंच?"

"मी तरी नाही पाहिला. पण रात्रपाळीहून हे सायकलनं यायचे, तेव्हा दारात कंदील घेऊन उभी राहायचे एवढं खरं. आता बघा, रात्री बारा वाजता शेजारच्या पोरीची कॅब येते, आणि मला झोपेतून उठवते ती तिच्या ड्रायव्हरच्या हॉर्ननं."

"मला लातूरहून येताना धास्ती होती, मोठं शहर, कोण विचारणार? तर पहिल्याच आठवड्यात समोरच्या जळगावच्या ताईंनी भरताची वाटी पाठवली. गावाकडून वांग्यांचं पोतं आलेलं. मी रिकामी वाटी कशी देणार? धपाटी घालून पाठवली. ती वाटी अजून फिरतेय, परवा त्या केरळच्या बाईंकडून केळ्याचे चिप्स घेऊन आली!"

"तेच तर. पेठेत माझी आतेबहीण तीस वर्षं राहिली, तरी शेजारीण विचारायचीच, 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' इथं विचारणाराच मूळचा सांगलीचा निघतो."

"गाववाले आहेत की पण."

"आहेत ना! पुनावळे, वाकड, रावेत ही गावं १९९७ साली महापालिकेत आली. तोवर तिथं शेती. ज्या टॉवरमध्ये हा पोरगा चाललाय ना, तिथं कुणाची तरी ज्वारी उभी असणार. आमचे हे पेपर वाचून दाखवायचे, २००१ च्या जनगणनेत शहर दहा लाखांचं, २०११ ला सतरा लाखांच्या वर. मी म्हटलं, पवना नदीला कळवलंय का कुणी?"

"म्हणून तर २०१९ पासून दिवसाआड पाणी. आमच्याकडे मी अलार्म लावते, हौद भरायचा राहिला तर घरात महाभारत."

"आपलं निदान हौदावर भागतं. तिकडे सोसायट्यांना टँकर. आणि हो, मेट्रो निगडीपर्यंत आणायची म्हणून रस्ता खणलाय, त्याची धूळ माझ्या तुळशीवर!"

"आणि तुम्हीच ना गेल्या महिन्यात पिंपरीहून मेट्रोत बसून थेट मंडईला उतरलात? तुळशीबागेतून तीन पिशव्या आणल्यात."

"दोन. तिसरी पिंपरी कँपातली, चादरी तिथंच स्वस्त. पण काही म्हणा, घाम न येता मंडई गाठली. ह्यांच्याबरोबर पीएमटीत लोंबकळले असते तर आयुष्यात पुन्हा तुळशीबागेचं नाव काढलं नसतं."

"काकू, एक बोलू? राग मानू नका. तुमच्या सासूबाई जे म्हणाल्या ना, तेच तुम्ही आता पुनावळ्याबद्दल म्हणताय. फक्त कोल्ह्यांच्या जागी ट्रॅफिक."

"मी? मी कुठे…"

"आम्ही आलो तेव्हा जुने लोक म्हणत होते, आता बास, शहर भरलं. आणि मी काल काय म्हणाले, ठाऊक आहे? समोर नवी बिल्डिंग उठतेय म्हटल्यावर, 'आता बास.' आलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्या मागं दार लावून घ्यावं. इथं ते दार लागत नाही म्हणून तर आपण आत आहोत."

"बोलायला लागलीस हं चांगली! पोरगं तसं गुणी आहे, नाही म्हणत नाही मी. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी असते तेव्हा रजा टाकून चहा वाटतो वारकऱ्यांना. पुनावळ्याहून येईल का गं?"

"येईल हो. बायकोलाही आणील."

"मग वास्तुशांतीला जायला हवं आपण. सतराव्या मजल्यावरून दिसतं तरी काय, बघून घेऊ."

"आहेर काय करताय?"

"पाण्याचं पिंप. दोनशे लिटरचं, झाकणासकट!"