आधी कुणी हात लावल्ता?

गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी, गळक्या नळाला पाना लावायच्या आधी, दाढेत आरसा घालायच्या आधी हा माणूस एकच प्रश्न विचारतो, आणि तो तुम्ही कधी ऐकलाच नाही असं मला सांगू नका. दंतवैद्य जरा सभ्यपणे विचारतात, ‘‘हे फिलिंग कुठं केलंत?’’ आणि उत्तराची वाट न बघता खेदानं मान हलवतात. नवं सरकार तिजोरी उघडून हाच प्रश्न विचारतं आणि त्यावर आरामात अडीच वर्षं काढतं. पण या जातीचा अस्सल नमुना बघायचा असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात यायला हवं. आमच्या मेस्त्रींकडे.

गॅरेजात गाडी शिरली की मेस्त्री गाडीकडे बघत नाहीत, मालकाकडे बघतात. सासरा जावयाकडे बघतो तसं. मग हात पुसत येतात आणि म्हणतात, ‘‘ह्याला आधी कुणी हात लावल्ता?’’

एकदा एक पोरगा शोरूममधून थेट नवी कोरी स्कूटर घेऊन आला. हँडलला हार तसाच होता. त्याला फक्त हॉर्न मोठा करून हवा होता.

‘‘आधी कुणी हात लावल्ता?’’

‘‘मेस्त्री, आत्ताच घेतली की!’’

‘‘म्हंजे कंपनीत कुणी तरी लावलाच असणार.’’

पुतण्याच्या लग्नात तांबड्या रश्श्याचा पहिला भुरका मारून त्यांनी आचाऱ्यालाही हाच प्रश्न विचारला होता. आचारीही त्याच जातीचा निघाला. ‘‘कांदा चिरणारी माणसं तुमची होती,’’ म्हणाला. मेस्त्री त्या दिवशी पोटभर जेवले.

बोल्टच्या डोक्यावरचे वण बघून ते हात ओळखतात. सहा कोनांचं डोकं झिजून गोल झालेलं दिसलं की ‘‘पाना न्हवं, पक्कड घातल्या.’’ छिन्नीचा घाव दिसला की ‘‘सांगली.’’ गॅस्केटच्या जागी सिलिकॉनचा जाड लेप असला की ‘‘इचलकरंजी,’’ आणि त्या लेपाचे तुकडे तेलाबरोबर फिरून वाटा कसे बुजवतात यावर एक चहा होईपर्यंत व्याख्यान. सांगलीतही असाच एक मेस्त्री असणार आणि छिन्नीचा घाव बघून तो ‘कोल्हापूर’ म्हणत असणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. या सगळ्यात गाडीचं काम अजून सुरू झालेलं नसतं. माझ्यासारखा घाईचा माणूस स्टुलावर बसून मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत असतो.

तर माझ्या मेव्हण्याची जिप्सी. 1300 सीसीची, फोर बाय फोर. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीला गिअरबॉक्सपासून त्या चाकांपर्यंत एक प्रॉपेलर शाफ्ट पुरतो, हिला तीन लागतात. गिअरबॉक्सपासून एक आखूड शाफ्ट ट्रान्सफर केसपर्यंत जातो आणि तिथून एक पुढच्या चाकांकडं, एक मागच्या. म्हणजे बिघडायलाही तिप्पट जागा. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची रेघ मागं टाकून 55 फूटही ओलांडले, तेव्हा ही जिप्सी सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर मेव्हण्यानं सीटा वाळवल्या, इंजिन ऑइल बदललं, लिंबू-मिरचीसुद्धा नवी बांधली. गिअरबॉक्सचं तेल मात्र तसंच राहिलं, कारण ‘‘तिथं कुठं पाणी जातंय?’’ तिथंच जातं. गिअरबॉक्सला हवा खेळायला एक बारीक ब्रीदर असतो. गाडी बुडाली की त्यातून पाणी गुमान आत शिरतं आणि तेलात मिसळून जातं.

पुढं गाडी बराच काळ आच्छादनाखाली झोपली. मग एके दिवशी मेव्हण्याला राधानगरीची हुक्की आली. घाटात गिअरबॉक्स आधी कण्हला, मग ओरडला, आणि शेवटी न्यूट्रलमध्ये क्लच सोडला तरी गाडी गचका देऊन पुढं जाऊ लागली. याचा अर्थ मेस्त्रींनी फोनवरच सांगितला. मेनशाफ्टवरचे गिअर एरवी सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेरिंगवर मोकळे फिरतात. तुम्ही दांडा टाकता तेव्हाच त्यातला एक शाफ्टशी बांधला जातो. तेल मेलं, रोलर गंजले, घासून तापले, आणि एका गिअरनं शाफ्टच धरला. आता तो सुटायचा नाही, आणि त्यात दुसरा गिअर टाकला तर सगळा डबाच जाम.

‘‘टोचन करून आणा. आणि आधी कुणी...’’

‘‘कुणीच नाही.’’

फोनवर शांतता पसरली. ‘‘असं कसं हुईल?’’

गिअरबॉक्स खाली उतरला. ड्रेन प्लग काढल्यावर तेल आलं ते दुधाच्या चहासारखं. मेस्त्री मात्र तेलाकडे बघत नव्हते. बॅटरी घेऊन ते एकेक बोल्ट तपासत होते. सगळी डोकी सहा कोनांची, धारदार. कंपनीत पाना लावल्यावर मारलेल्या रंगाच्या खुणा जागच्या जागी. जोडावर सिलिकॉनचा एक थेंब जास्त नाही. कुठं सांगली नाही, कुठं इचलकरंजी नाही. एवढं हताश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘‘म्हंजे नदीनंच हात लावलाय म्हणायचा.’’ नदीला शिव्या घालणं कोल्हापुरात बरं दिसत नाही. मग त्यांच्याकडे कामाला लागण्याशिवाय मार्गच उरला नाही.

ते काम मी पाहिलं. गंजलेला बोल्ट ते सोडवण्याआधी किंचित आवळतात. गंज तडकला, बारीक ‘टक्’ वाजलं की मग उलट फिरवतात. अगदीच हट्टी असेल तर तापवून आट्यांवर मेणबत्ती टेकवतात, मेण वितळून आत ओढलं जातं. डब्यात अडकलेल्या बेरिंगला त्यांनी हातोडा दाखवलासुद्धा नाही. डबा ॲल्युमिनियमचा, बेरिंग पोलादाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बाहेरून सावकाश ज्योत फिरवली, पाण्याचा शिंतोडा मारून चर्र ऐकलं, डबा हलकेच आपटला आणि बेरिंग फडक्यावर येऊन पडलं.

खरा गुन्हेगार तो गिअर. तो मेलेलाच होता, वाचवायचा होता शाफ्ट. हाताखालच्या पोरानं उत्साहानं घन उचलला तेव्हा मेस्त्री शांतपणे म्हणाले, ‘‘ठेव. उद्या त्यातनं तुझं नाव निघंल.’’ शेजारच्या वर्कशॉपमधल्या हायड्रॉलिक प्रेसवर शाफ्ट उभा केला, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं, गिअरवर गॅसची ज्योत धरली. पोलाद आधी गवती पिवळं झालं, मग जांभळं, मग निळं. रंग शाफ्टकडं सरकतोय असं दिसताच त्यांनी ज्योत बंद केली आणि दांडा दाबला. काटा चढत गेला. पोरगं दोन पावलं मागं सरकलं. मग ठण्णकन आवाज झाला आणि गिअर खाली कोसळला. आतल्या रोलरांचा नुसता काळा चुरा राहिला होता. मेस्त्रींनी शाफ्टवरून अंगठा फिरवला, दोनदा, आणि गोणपाटानं तो असा पुसला की मेव्हणा उगाचच भावूक झाला.

हा माणूस मला आवडतो असं म्हणायची माझी अजून तयारी नाही. पण डबा परत बांधताना ते जे करत होते ते मी पाहिलं, त्याला इलाज नाही. कुणाला कधी दिसणार नाहीत अशा कडांवरच्या बारीक खरडी ते कानशीनं घासत होते. सिलिकॉनची रेघ सुईनं ओढल्यासारखी. प्रत्येक बोल्टवर रंगाची खूण, कंपनीसारखी. ‘‘एवढं कशाला? आत कोण बघणार आहे?’’ मी विचारलं.

‘‘ह्यो डबा उद्या कुणी तरी उघडणार. सांगलीत उघडला तर?’’

आयुष्यभर ते त्या सांगलीच्या मेस्त्रीशी भांडत आलेत आणि आयुष्यभर त्याच्यासाठीच बोल्ट नीट आवळत आलेत.

त्यांचा मुलगा एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथं जाम गिअरबॉक्स उघडत नाहीत, अख्खा बदलतात. मेस्त्री एकदा बघून आले. गाडीचा नंबर टाकला की पडद्यावर सगळं येतं म्हणे, कुणी उघडली, कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला. विचारायचं कामच नाही.

‘‘मग बरंय की,’’ मी म्हटलं. ‘‘पगारही चांगला असेल.’’

‘‘पगार हाय,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘पर भांडाण कुणासंगं करतंय ते दिवसभर?’’