आमची सहामाही

‘पुढच्या आठवड्यात आमची सहामाही आहे, लग्नाला जमणार नाही,’ असं चाळिशीतले गृहस्थ सांगतात, तेव्हा परीक्षा नक्की कोणाची, हे विचारू नये. चिरंजीव तिसरीत आहेत. त्यांचा पुठ्ठ्याचा रायगड बाबांनी रात्री जागून उभारला, तक्ता आईने रंगवला. बाईंनी वहीत ‘छान’ असा शेरा दिला आणि आईबाबा दिवसभर खट्टू. त्यांची अपेक्षा ‘अतिउत्तम’ची होती.

उरलेलं शिक्षण क्लासकडे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २८ सांगतं की शिक्षकांनी खासगी शिकवण्या घेऊ नयेत. कायदा पाळला जातोच. सर शिकवणी घेत नाहीत, ‘मार्गदर्शन’ करतात. सरकारचं खरं मत पावतीवर वाचावं: शाळेच्या फीला जीएसटी माफ, क्लासच्या फीवर १८ टक्के. शिक्षण नेमकं कुठे विकलं जातं, हे करखात्याला शिक्षणखात्याच्या आधी कळलं! अकरावी-बारावी तर ‘इंटिग्रेटेड’च, नाव कॉलेजात, मुलगा क्लासात.

पालकसभेत बाई विचारतात, ‘घरी अभ्यास घेता ना?’ क्लासचे सरही हेच विचारतात. म्हणून आमच्या सोसायटीत आता पालकांसाठी गणिताचा क्लास निघालाय. पहिली बॅच फुल्ल आहे.