लायनफिशशी करावयाचा तह

न्यू जर्सीतील ज्या मराठी गृहस्थाने, दिवाणखान्यास शोभा यावी एवढ्याच निष्पाप हेतूने, हिंद-प्रशांत महासागरातील लायनफिश नामक मत्स्य खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत आणून ठेवला आहे, त्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की आपल्या घरी वंशपरंपरेने सरंजाम उपभोगणारा एक जहागीरदार मुक्कामास उतरला आहे, आणि त्याच्या भोजनाचा शिरस्ता हुकमाने बदलत नाही, मसलतीने बदलतो.

गोठवलेली मासळी समोर टाकली असता तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, हा त्याचा उद्धटपणा समजू नये. पंख पसरून भक्ष्यास कोपऱ्यात कोंडावे आणि जबडा उघडून पाण्यासह ते एका घोटात ओढून घ्यावे, असा ज्याच्या कुळाचा रिवाज, त्याच्या लेखी जी वस्तू हलत नाही ती अन्नच नव्हे. अशा वेळी स्वस्तातले जिवंत गोल्डफिश आणून सोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. गोल्डफिशच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे थायमिनेज असते आणि रोज तेच खाणारा सरदार दिसामासी क्षीण होत जातो.

वाटाघाटींचा आरंभ घोस्ट श्रिंप या पारदर्शक, जिवंत कोळंबीने करावा, व तिला आधी स्वतः पोटभर खाऊ घालून मगच दरबारी रुजू करावे. पुढे, दिवे मंद झाल्यावर, म्हणजे शिकारीच्या त्याच्या आवडत्या समयी, पारदर्शक काठीच्या टोकास वितळवलेली सिल्व्हरसाइड मासळी अडकवून ती त्याच्या मुखासमोरून, जणू तिला जगण्याची आशा अजून सुटलेली नाही अशा बेताने, हलवीत न्यावी. न स्वीकारल्यास पाणी नासण्यापूर्वी काढून घ्यावी आणि चेहऱ्यावर अपमान दिसू देऊ नये. कोरड्या खाद्याच्या गोळ्यांची पाळी सर्वांत शेवटी. कित्येक लायनफिश गोळ्यांना आमरण मान्यता देत नाहीत. गोठवलेल्या मासळीवर तह झाला तरी तो लाभाचाच मानावा. हाताने घास भरविण्याचे वात्सल्य मात्र सर्वथा वर्ज्य: त्याच्या अंगावर १८ विषारी काटे आहेत, आणि एक टोचला तरी यजमानास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून डॉक्टरकडे धाव घ्यावी लागते.

आता उपोषणाविषयी. फिशेलसन या संशोधकाने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मत्स्य १२ आठवड्यांहून अधिक काळ निराहार राहूनही जिवंत राहिले. तेव्हा दुकानातून नुकताच आलेला हडकुळा जीव वगळता, धडधाकट माशाने काही दिवस तोंड फिरवले म्हणून घरात सुतक पाळण्याचे कारण नाही. खरे संकट यजमानाच्या गोटातच असते. सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या आजीबाई, ‘लेकरू उपाशी आहे हो’ असे पुटपुटत, मध्यान्ही सर्व मंडळी कचेरीत असताना गुपचूप जिवंत कोळंबी सोडतात, आणि आठवड्याची मुत्सद्देगिरी एका घोटात गडप होते. कोळंबीच्या भांड्यास कुलूप घालणे उत्तम. आजीबाईंना समजाविणे हा दुसरा मार्ग आहे, पण त्याचा अनुभव उत्साहवर्धक नाही.

फ्लोरिडात याच कुळाची कथा निराळी. तेथे डॅनिया बीचपाशी १९८५ साली तो प्रथम आढळला, आता तो प्रवाळांतील मासळी फस्त करीत सुटला आहे, २०१४ पासून जिवंत लायनफिश आणण्यास तेथील सरकारने मनाई केली आहे आणि समुद्रातला पकडून खावा म्हणून ते जनतेस उत्तेजनही देते. हे वृत्त आपल्या जहागीरदाराच्या कानी घालू नये. उपोषण फारच लांबले तर घालावे.

तह झाल्यावर प्रौढ माशास आठवड्यातून दोन-तीन वेळचा शिधा पुरतो. म्हणून बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनास चार दिवस जाताना शेजाऱ्यास घराची किल्ली द्यावी, बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या पाण्याने भरून काढावे असे लिहून द्यावे, आणि माशास काही एक घालू नये, हे वाक्य दोनदा अधोरेखित करावे.